कोकणातला पावसाळा आणि कुंडीतली ओल

प्रश्न : निवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वी, मी कॅक्टस आणि सक्युलंट (पाना-खोडात पाणी साठवणारी झाडे) जमवायला सुरुवात केली. पुण्याला बहिणीकडे गेले की तिथल्या नर्सरीतून दोन-चार रोपे आणायची, असे करता करता २२ कुंड्या झाल्या. बहिणीने सांगितल्याप्रमाणे दर रविवारी प्रत्येक कुंडीला अर्धी वाटी पाणी घालते. तिची झाडे उत्तम आहेत. माझ्या कुंड्या पडवीत, पावसाबाहेर आहेत, तरी गणपतीपर्यंत १३ झाडे गेली. बुडाशी पिवळी पडतात, मऊ होतात आणि एका सकाळी कलंडलेली दिसतात. आता नारळाएवढ्या गोल्डन बॅरल कॅक्टसलाही मातीलगत तपकिरी डाग दिसू लागला आहे. मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेल्या ब्रह्मकमळाकडे मात्र कोणी बघतही नाही आणि ते दर पावसाळ्यात फुलते. सासूबाईंचे म्हणणे, काटेरी झाडे दारात नकोतच. कोकणात हा छंद जमण्यासारखा नाही का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्या गोल्डन बॅरलविषयी लिहितो, कारण बाकीच्या गोष्टींना दसऱ्यापर्यंत वेळ आहे, त्याला नाही. डाग तपकिरी आहे एवढे तुम्ही कळवले आहे, पण तो कडक आहे की मऊ हे लिहिलेले नाही आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. पेन्सिलीचे मागचे टोक डागावर हलकेच दाबून पाहा. टोक आत जात नसेल, पृष्ठभाग लाकडासारखा कोरडा लागत असेल आणि डाग मातीपासून सगळीकडे सारखाच वर चढलेला असेल, तर ती कूज नव्हे. वय वाढले की या झाडांचे बूड बुचासारखे टणक आणि तपकिरी होते, त्याला काहीही करायचे नसते. पण टोक रुतले, डागाभोवतीचा भाग पाणी धरल्यासारखा दिसला किंवा आंबूस वास आला, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागेल.

वर्तमानपत्राची जाड घडी करून ती पट्ट्यासारखी झाडाभोवती गुंडाळा, कुंडी आडवी करा आणि झाड माती-मुळांसकट बाहेर काढा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि बुडाकडून पातळ चकत्या काढत वर या. प्रत्येक चकतीनंतर सुरी पुन्हा पुसायची, नाहीतर कुजीचा अंश सुरीबरोबर निरोगी भागात जातो. कापलेल्या भागाच्या मधोमध तुम्हाला एक वर्तुळ दिसेल. ती झाडाच्या शिरांची कडी आणि नजर तिच्यावरच ठेवायची. भोवतालचा गर दुधी भोपळ्यासारखा स्वच्छ दिसत असला तरी त्या कडीत तांबूस ठिपका उरला असेल, तर कूज वर चढलेली आहे असे समजून आणखी कापायचे. कडी पूर्ण स्वच्छ दिसली की थांबायचे, काप सुकताना मधला भाग आत ओढला जातो म्हणून कडा थोड्या तिरक्या तासायच्या आणि कापावर गंधकाची भुकटी भुरभुरायची. मग तो तुकडा एखाद्या रिकाम्या कुंडीच्या तोंडावर, खालून हवा लागेल असा, पडवीत ठेवा आणि जवळ टेबलफॅन मंद गतीने लावा. पुण्यात असा काप दहा-बारा दिवसांत सुकतो. तुमच्याकडे भाद्रपदाच्या दमट हवेत तीन आठवडे किंवा अधिकही लागतील, घाई करू नका. काप कातड्यासारखा कोरडा आणि घट्ट झाला की झाड कोरड्या खड्यांवर नुसते टेकवून ठेवायचे, पुरायचे नाही. मुळे दिसेपर्यंत पाणी नाही, आणि मुळे यायला कधी कधी महिनेही जातात. तेवढा काळ पुरेल इतके पाणी त्याच्या पोटात असते. कापता कापता निम्म्याहून वर आलात आणि तरीही कडीत तांबूस रंग दिसत राहिला, तर मात्र ते झाड वाचणार नाही. तो तुकडा कुंड्यांजवळ न ठेवता लांब टाकावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. छंद कोकणात जमतो का, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त ते तुमच्या ध्यानात आलेले नाही. आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते रात्री फुलणारे पांढरे फूल हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाचे नाही. ते एपिफायलम या कॅक्टसचे आहे. म्हणजे तुमच्या घरातला सर्वांत जुना, सर्वांत निरोगी कॅक्टस सासूबाईंनी लावलेला आहे. हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतले. तिथे ते झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यात साठलेल्या पाचोळ्यात मुळे धरून वाढते. पाऊस त्याच्यावर भरपूर पडतो, पण मुळांशी थांबत नाही. दुसरे उदाहरण तुमच्या सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे. कुंपणाला लावलेला शेर किंवा त्रिधारी निवडुंग ही कॅक्टसच्या कुळातली झाडे नव्हेत, पण तीही खोडात पाणी साठवणारीच. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो सगळा अंगावर घेऊन ही कुंपणे उभी असतात. कारण जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर पातळ असतो आणि पाणी उतारावरून वाहून जाते. पाऊस या झाडांचा शत्रू नाही. मुळांभोवती दिवसचे दिवस टिकून राहणारी ओल हा शत्रू आहे, आणि तुमच्या पडवीत पाऊस येत नसला तरी ती ओल दर रविवारी अर्ध्या अर्ध्या वाटीने तुम्हीच पुरवत होतात.

यात तुमची चूक नाही, ‘आठवड्यातून एकदा’ हा नियमच चुकीचा आहे. पुण्यात वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मधूनमधून उघडीप मिळते आणि वाराही असतो. त्यामुळे बहिणीने घातलेली अर्धी वाटी दोन-तीन दिवसांत उडून जाते. तुमच्याकडे श्रावणात वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट लागतो, तर कुंडीच्या तळाची माती कशी वाळेल? त्यातच मळभामुळे ऊन नाही, ऊन नाही म्हणून झाडाची वाढ मंदावलेली आणि वाढ मंदावली म्हणून मुळे पाणी ओढत नाहीत. मातीतल्या ज्या फटींतून मुळांना हवा मिळायची, त्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. तुम्हाला बुडाशी पिवळेपणा दिसतो तेव्हा खाली हे सगळे होऊन गेलेले असते.

म्हणून वार पाहून पाणी घालणे आजपासून बंद करा. खराट्यातला एक हीर घ्या, तो कुंडीच्या कडेने थेट तळापर्यंत खुपसा, दोन मिनिटांनी बाहेर काढून ओठाला लावून पाहा. गार लागला किंवा त्याला मातीचे कण चिकटून आले, तर पाणी नको. पूर्ण कोरडा निघाला तर आणखी तीन-चार दिवस थांबा, आणि मग मात्र अर्धी वाटी न घालता तळाच्या भोकातून वाहून जाईल इतके भरपूर पाणी एकदाच घाला. थोडे थोडे पाणी वारंवार घातल्याने वरची माती सतत ओली राहते आणि खालच्या मुळांना धड पाणीही मिळत नाही. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका.

दुसरे कारण कुंडीच्या आत आहे आणि ते बहुतेक कोणी पाहत नाही. मी अलिबागजवळ राहायला आलो, त्या पहिल्या पावसाळ्यात माझी मॅमिलारिया या छोट्या कॅक्टसची सहा रोपे एकापाठोपाठ गेली. नवी माती घातलेली, मातीच्या कुंड्या, पाणी जवळजवळ बंद, तरीही. सातवे काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. मी घातलेली माती खडखडीत कोरडी होती, पण तिच्या मधोमध, मुळांच्या जुडग्यात, नर्सरीतल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) लिंबाएवढा घट्ट गोळा तसाच होता आणि चिमटीत दाबल्यावर त्यातून पाणी निथळले. नर्सरीवाल्यांना शेडनेटखाली, रोज थोडे पाणी देऊन, रोपे लवकर वाढवायची असतात, त्यासाठी कोकोपीट सोयीचे असते. आपल्या घरी मात्र तो गोळा पावसाळ्यात ओल सोडत नाही, आणि उन्हाळ्यात एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेत नाही. तेव्हापासून नवे रोप घरी आले की मी ते आठवडाभर कोरडे ठेवतो, कुंडीतून काढतो आणि तो गोळा टूथपिकने कणाकणाने सोडवून मुळे मोकळी करतो. काही बारीक मुळे तुटतात, तुटू द्यावीत. नंतर चार-पाच दिवस रोप सावलीत उघडे ठेवले की त्या जखमा सुकतात आणि मग ते नव्या मिश्रणात लावता येते. तुमच्या उरलेल्या नऊ कुंड्यांपैकी ज्यांची माती बदललेली नाही, त्यांच्यात हा गोळा असणार असे मी खात्रीने सांगतो.

मिश्रणासाठी तुम्हाला पुण्याहून किंवा मुंबईहून परलाइट आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र खड्यांच्या महागड्या पिशव्या मागवण्याचे कारण नाही, कारण उत्तम साहित्य तुमच्या दारात आहे. घरबांधणीच्या ठिकाणी चिरे तासताना जांभ्याचे जे तुकडे पडतात, ते आणून ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे खडे चाळून घ्या आणि लाल पाणी येणे थांबेपर्यंत धुवा. ही धुलाई टाळू नका, कारण ती बारीक लाल भुकटीच पुढे चिखल होऊन फटी बुजवते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे खडा थोडी ओल धरतो आणि दोन खड्यांमधून हवा खेळते. असे चार भाग खडे, एक भाग साधी माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत एवढे पुरे. पुळणीची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची वाळू मात्र घालू नये. तिच्यात मीठ असते, शिंपल्यांचा चुना असतो आणि तिचे कण इतके बारीक असतात की त्या मातीचा लगदाच होतो. मिश्रण जमले की नाही हे पाहायला कुंडी भरून तिच्यात तांब्याभर पाणी ओता. ते वर साचून न राहता, दहा आकडे मोजेपर्यंत खालून वाहू लागले पाहिजे. कुंडी मातीची, बिनरंगाची आणि झाडापेक्षा जेमतेम दोन बोटे रुंद घ्या. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

पुढच्या वर्षीचे वेळापत्रक कोकणच्या पावसावर बेतावे. मेच्या अखेरीस, मृग लागण्याच्या आठवडाभर आधी, सगळ्यांना शेवटचे भरपूर पाणी द्यावे. नंतर गोल, जाड खोडाच्या कॅक्टसना हस्त नक्षत्र सरेपर्यंत पाणी देऊ नये. ती थोडी आक्रसतील, त्यांच्या धारा ठळक दिसू लागतील, त्याने घाबरून जाऊ नका. दिवाळीपर्यंत ती पुन्हा भरून येतात. हावर्थियासारख्या बारीक मुळांच्या आणि दीड-दोन इंचांच्या छोट्या रोपांना एवढा उपास सोसत नाही. त्यांना उघडीप असलेल्या दिवशी, सकाळी, तीन आठवड्यांतून एकदा घोटभर पाणी पुरते. पडवीच्या कडेला असलेल्या कुंड्या आत घ्या, कारण तुमच्याकडची झड समुद्राकडून आडवी येते आणि पागोळ्यांचे शिंतोडेही उडतात. पारदर्शक प्लास्टिक बांधायचे असेल तर ते वरून आणि फार तर पश्चिमेच्या बाजूने बांधा. चारही बाजूंनी गुंडाळलेली झाडे पावसापासून वाचतात आणि कोंडलेल्या दमट हवेने कुजतात. सलग पाऊस लागला की दिवसातून चार-पाच तास पंखा लावून ठेवणे हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

पाऊस संपल्यावरचा पंधरवडाही जपावा लागतो. चार महिने मळभात राहिलेली झाडे ऑक्टोबरच्या उन्हात एकदम नेली, तर दोन दिवसांत त्यांच्यावर पांढुरके चट्टे पडतात, आणि भाजलेला तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. आधी सकाळचे दोन तास, मग तीन, असे करत दोन आठवड्यांत त्यांना उन्हात आणावे. खताला या झाडांच्या बाबतीत फार महत्त्व देऊ नका, शेणखत मिश्रणात आहेच.

किडींपैकी तुम्हाला पिठ्या ढेकणाशी सामना करावा लागेल. काट्यांच्या तळाशी किंवा मुळांवर कापसाचा कण अडकल्यासारखे दिसले, तर ते तेच. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक कणाला टेकवा, आठवड्याने पुन्हा पाहा आणि ती कुंडी वेगळी ठेवा. या एवढ्याशा किड्याला कमी लेखू नये. १७९५ मध्ये लाल रंग मिळवण्यासाठी ब्राझीलहून त्याच्याच जवळच्या गटातला एक किडा भारतात आणला गेला, तो हव्या त्या जातीचा निघाला नाही, रंगाचा व्यवसाय काही उभा राहिला नाही, पण फड्या निवडुंगाची मोठमोठी रानेच्या राने त्याने संपवली. तुमच्या पडवीतली नऊ झाडे त्याच्यापुढे काहीच नाहीत.

झाडांची निवडही बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे. गेलेल्या १३ झाडांची नावे तुम्ही कळवलेली नाहीत, पण त्यांत एकेव्हेरिया असतील तर त्यांच्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. त्या मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरच्या, रात्री गार हवा लागते अशा, आणि तुमच्याकडे पावसाळ्यातली रात्र २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. दगडासारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सनाही तुमच्याकडचा पावसाळा मानवत नाही. हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा बसवलेली रोपे असतील, तर तीही मुळातच थोड्या वर्षांची सोबत असते. त्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो खालच्या, ड्रॅगनफ्रूटच्या जातीच्या दांड्याने बनवलेल्या अन्नावर जगतो आणि ही जोडी कधीतरी बिनसतेच. त्यांच्याऐवजी जिम्नोकॅलिशियम, एकिनॉप्सिस, हावर्थिया, गॅस्टेरिया, अडेनियम आणि फांद्यांवरून लोंबणारे रिप्सालिस आणा, आणि दसरा झाल्यावरच आणा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांना मुळे पसरायला सात-आठ महिने मिळतील. एका वेळी दोन-तीनच आणा. सड्यावर किंवा कातळाच्या कपारीत एखादी गरदार वनस्पती दिसली, तर ती उपटून आणू नका. सह्याद्रीतल्या अशा कित्येक जाती मोजक्याच जागी उरलेल्या आहेत आणि कुंडीत त्या तशाही फार टिकत नाहीत.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. घरात वावरणाऱ्या वयस्कर माणसांच्या साडीला, पदराला, नातवंडांच्या हाताला काटे लागू नयेत हे त्यांचे म्हणणे रास्त आहे, मग त्यामागे शकुन-अपशकुनाची समजूत असो वा नसो. येण्याजाण्याच्या वाटेवर काटेरी कुंड्या नसाव्यातच. पडवीच्या पूर्वेकडच्या टोकाला, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर त्या ठेवल्या तर त्यांना सकाळचे ऊनही मिळेल आणि खालून हवाही. दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीपाण्याशिवाय महिनोन् महिने हिरवी राहते, हे सासूबाईंनी नक्की पाहिलेले असणार. पाण्याविना ही झाडे किती तग धरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा त्याच अधिक चांगले सांगतील.

दारासमोर काय ठेवावे असे विचाराल, तर त्यांच्या ब्रह्मकमळाचेच एक रोप करा, त्याला काटे नसतात. पाऊस ओसरला की हातभर लांबीचे निरोगी पान घ्या (ते खरे तर पान नसून चपटे खोड असते), सावलीत आठ दिवस सुकू द्या आणि कापलेली बाजू दोन बोटे खोल, याच खड्यांच्या मिश्रणात थोडा जास्त पाचोळा घालून, उभी लावा. काठीचा आधार द्या. दोन आठवडे पाणी घालू नका, नंतर मात्र या एका कुंडीला इतर कॅक्टसपेक्षा अधिक वेळा घाला, आणि दुपारचे ऊन लागणार नाही अशी, पण उजेडाची जागा निवडा. पहिली कळी यायला दोन-तीन वर्षे लागू शकतील. कळी खाली झुकलेली मान वर उचलू लागली आणि फुगीर दिसू लागली की त्या रात्री नऊनंतर दार उघडे ठेवा. फूल मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उमलते आणि उजाडेपर्यंत मिटलेले असते.